अबोलीचा रेफरन्स

आमच्या दुकानावर आजवर तीनदा हल्ला झाला आणि तिन्ही वेळा भरदिवसा. लोकांना उगाच वाटतं की चोर अंधारात येतात. अंधारात कशाला मरायला येतील? दिवसा दुकान उघडं असतं, गल्ला उघडा असतो आणि काउंटरमागे एक म्हातारा होत चाललेला माणूस एकटा उभा असतो. पहिल्या वेळी त्यांनी सिगरेटचं कपाट फोडलं. दुसऱ्या वेळी त्या माणसाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शशिकांतचं मनगट फोडलं. मी त्या मेल्या चोराच्या डोक्याच्या दिशेनं लोणच्याची बरणी भिरकावली. ती लागली फ्रिजच्या काचेला, आणि पोलिसानं लिहून घेतलं की काच मालकिणीनं फोडली.

तिसऱ्या वेळचं सांगायला बसलेय. पण ते माझं नाही, अबोलीचं आहे.

मी विनया. माहेर चिंचवडचं. वीस वर्षं झाली ऑकलंडला येऊन. शशिकांत इंजिनीअर म्हणून आला, सात वर्षं एका कारखान्यात टिकला, कारखाना बंद पडला आणि आम्ही ऑकलंडच्याच पापाटोएटो भागात डेअरी घेतली. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, पाव, चिप्स, आइस्क्रीम, सिगरेट, फोनचं रिचार्ज. माझ्या पुण्यातल्या बहिणीला अजून वाटतं आम्ही म्हशी पाळल्यात. मला राग लवकर येतो आणि आला की तोंड बंद होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझा मुलगा वेदांत तर म्हणतो, ‘‘मम, यू टॉक हीप्स,’’ म्हणजे फार बोलतेस. मराठी सगळं कळतं गधड्याला, पण उत्तर इंग्रजीतच.

अबोली पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी शशिकांतला झापत होते. दुधाच्या जुन्या बाटल्या मागे आणि नव्या पुढे लावल्या म्हणून. मागून कुणीतरी फिस्कन हसलं. वळून बघते तर एक काडीसारखी पोरगी, हातात पावाची पिशवी.

‘‘मराठी का तुम्ही?’’ मी विचारलं.

‘‘हो काकू. आमची आई पण वडिलांना याच्यावरूनच बोलते.’’

पोरगी बार्शीची. आई बालवाडीत शिकवते, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी., तिथे दुसरा नंबर. आणि आता ऑकलंडच्या विद्यापीठात ऑनर्स करायला आली होती. आठवड्याचे वीस तास काम करायची परवानगी होती. मी म्हटलं, ये आमच्याकडे, दुसरीकडे कुठं भांडी घासत बसतेस.

या ऑनर्सचं मला आधी काही कळत नव्हतं. तिनंच सांगितलं. इथे पदवी तीन वर्षांची. त्यातली वरच्या मार्कांची मुलं निवडून आणखी एक वर्ष शिकवतात, एक प्रबंध लिहून घेतात. वर्गात अकरा जण. सगळं इंग्रजीत. बार्शीला जेव्हा कळलं की मुलगी न्यूझीलंडला ‘ऑनर्स’ करतेय तेव्हा शाळेनं फळ्यावर तिचं नाव लिहिलं म्हणे. एजंटनं सांगितलं होतं, एम.एस्सी.पेक्षा लवकर होतं, आणि ऑनर्स म्हणजे मानाची पदवी, कंपन्या दारात उभ्या राहतात. त्या एजंटला माझ्यासमोर आणा एकदा. एकाच वर्षाचं शिक्षण, म्हणून नंतर काम शोधायचा व्हिसाही एकाच वर्षाचा, हे त्या भामट्यानं सांगितलंच नाही. मास्टर्स केलं असतं तर तीन वर्षं मिळाली असती.

पोरगी अभ्यासाला राक्षस होती. काउंटरखाली वही ठेवायची, गिऱ्हाईक गेलं की वही वर. पहिल्या महिन्यात वर्गातलं निम्मं कळायचं नाही तिला. लेक्चर रेकॉर्ड करायची आणि दुकानात फरशी पुसताना कानात घालून परत ऐकायची. एकदा एक प्राध्यापक कशावर तरी हसले आणि सगळा वर्ग हसला, ही तेवढी नाही. ती दोन मिनिटं तिनं चाळीस वेळा ऐकली. शेवटी वेदांतला ऐकवलं, तर तो म्हणाला, रग्बीचा जोक आहे. तिनं त्या रात्रीत रग्बीचे नियम पाठ केले. वर्षाअखेर फर्स्ट क्लास ऑनर्स मिळवला. अकरांत तिघांनाच मिळाला होता. मी पेढे केले, दुकानात आलेल्या प्रत्येकाला दिले, सिगरेट घ्यायला येणाऱ्या त्या टॅटूवाल्यालासुद्धा.

आणि मग सुरू झाली ती नोकरीची मारामारी.

एकशे त्रेसष्ट अर्ज. मी उगाच आकडा फुगवत नाही, तिनं तक्ता ठेवला होता, संख्याशास्त्रवाली ना ती. एकशे त्रेसष्टपैकी नव्वद ठिकाणहून उत्तरच नाही. बाकीच्यांची सुरुवात ‘अनफॉर्च्युनेटली’नं. एक म्हणे तुमच्याकडे न्यूझीलंडचा अनुभव नाही. दुसरा म्हणे या कामाला तुम्ही जास्त शिकलेल्या आहात. तिसऱ्यानं विचारलं, ऑनर्स म्हणजे मास्टर्स का? नाही? मग आम्हाला मास्टर्स हवंय. जे फोन करायचे ते तीनदा ‘सॉरी?’ म्हणायचे आणि चौथ्यांदा ‘वी विल बी इन टच’. ती काउंटरमागे फोन कानाला लावून उभी राहायची, पाठ ताठ, आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. एकदा असा फोन ठेवल्यावर तिनं स्टॅपलर उचलून भिंतीवर मारला. भिंतीला खळगा पडला. मग तिनंच स्टूल घेऊन त्या खळग्यावर आइस्क्रीमचं पोस्टर चिकटवलं आणि मला म्हणाली, ‘‘सॉरी काकू.’’

‘‘सॉरी काय? आणखी दोन मार,’’ मी म्हटलं.

माझ्या वेदांतनं एका वर्षात विद्यापीठ सोडलं, त्याला शहरात आयटीत नोकरी. मुलाखतीत काय विचारलं, मी विचारलं, तर म्हणे, ‘‘वी जस्ट हॅड अ चॅट.’’ तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माझा पोरगा असला म्हणून काय झालं? पण त्यानं तिला शिकवलं, हे त्याचं श्रेय. रोज संध्याकाळी तासभर तिच्या समोर बसायचा. हळू बोल. सर म्हणू नको, नावानं हाक मार. माहीत नसेल तर नाही माहीत म्हण. तुझ्या गाइडनं काय केलं ते नको, तू काय केलंस ते सांग.

अकराव्या महिन्यात जमत आलं. शहरातल्याच माउंट वेलिंग्टनला, तिथल्या मोठ्या मॉलच्या पलीकडे एक ऑफिस आहे, अपघातात जखमी झालेल्यांचे दावे बघणारं. त्यांना आकडेमोड करणारी आणि दावेदारांशी फोनवर बोलणारी मुलगी हवी होती. दोन मुलाखती होणार होत्या. पहिली झाली आणि पोरगी बसची वाट न बघता चक्क ट्रेन पकडून धावत दुकानात आली. ‘‘काकू, त्यांनी माझा प्रबंध वाचलाय! त्या मॅनेजरनं मला त्यातल्या तिसऱ्या प्रकरणावर प्रश्न विचारले!’’ पदवी मिळाल्यापासून त्या प्रबंधाचं पान कुणी उलटलं नव्हतं. दुसरी मुलाखत पुढच्या सोमवारी. त्या सोमवारी व्हिसा संपायला सत्तावीस दिवस उरणार होते. नोकरी मिळाली तर कंपनीच्या नावावर पुढचा व्हिसा. नाही मिळाली तर विमान.

आणि मधल्या मंगळवारी ते आले.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मागच्या खोलीत चहा टाकला होता, अबोली फ्रिजपाशी दुधाच्या बाटल्या लावत होती, शशिकांत काउंटरवर. दोघं आत शिरले. तोंडाला फडकी, डोक्यावर हूड. एक उडी मारून काउंटरच्या आत गेला आणि सिगरेटच्या कपाटाला लाथा घालायला लागला. दुसऱ्याच्या हातात हातोडा. त्यानं शशिकांतची कॉलर धरून त्याला काउंटरवर आडवा ओढला. शशिकांत दोन्ही हात वर करून ‘‘टेक इट, टेक इट ऑल’’ म्हणत होता. कपाटाची किल्लीसुद्धा पुढे केली होती त्यानं. तरी त्या राक्षसानं हातोडा मारला. कानावर. शशिकांतच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी भिंतीवरचं बटण दाबलं. आमच्याकडे ती फॉग कॅनन बसवलेली आहे, बटण दाबलं की दहा सेकंदांत दुकान पांढऱ्या धुरानं गच्च भरतं, स्वतःचा हात दिसत नाही, आणि चोर घाबरून पळतात. एक पळालाच. दाराची घंटा वाजलेली ऐकली मी. पण धूर भरायच्या आधी मी शेवटचं पाहिलं ते अबोलीला. तिच्या हातात शटर ओढायचा लोखंडी दांडा होता, टोकाला आकडा असलेला.

पुढचं सगळं मी कानांनीच पाहिलं. पहिला फटका बसला आणि हातोडा फरशीवर खणकन पडला. दुसरा फटका. कुणीतरी चिप्सच्या स्टँडवर कोसळलं, पाकिटं फुटली. तिसरा. मग तो ओरडायला लागला. ‘‘आय अ‍ॅम डाउन! स्टॉप! प्लीज, आय अ‍ॅम डाउन!’’ पोरसवदा आवाज होता, रडका. फटका थांबला. एक क्षण काहीच नाही, फक्त कॅननचा सूं सूं आवाज आणि शशिकांतचं कण्हणं.

आणि मी ओरडले, ‘‘मार! मार त्याला अबोली, सोडू नकोस!’’

तिनं मारलं. चार की पाच, मला सांगता येणार नाही. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज वेगळा असतो, ओली फांदी मोडल्यासारखा. ती स्वतः एक शब्द बोलली नाही. मग दांडा पडल्याचा आवाज आला.

पोलीस आले तेव्हा दारं उघडून धूर निघाला होता. शशिकांतच्या कानाचा वरचा भाग लोंबत होता. तो दुसरा चिप्सच्या ढिगात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. खांद्याचं हाड, दोन बरगड्या आणि जबडा. एकोणीस वर्षांचा होता म्हणे. अबोली फ्रिजला टेकून उभी होती, दांड्याच्या आकड्यानं तिचा तळवा फाटला होता आणि रक्त कोपरापर्यंत येऊन सुकत होतं. कॅमेऱ्यात काय? नुसतं पांढरं. पोलीस बाईनं अबोलीला विचारलं, कधी थांबलीस? ती म्हणाली, त्यानं काकांना सोडलं तेव्हा. मला विचारलं, मीही तेच सांगितलं. बाईनं लिहून घेतलं, अबोलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रकरण तिथे संपलं.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर तिनं आमच्या बेसिनमध्ये तीनदा उलटी केली. मी पाठीवरून हात फिरवत होते.

‘‘काकू, तो थांब म्हणाला होता.’’

‘‘गप गं. काकांना अकरा टाके पडलेत.’’

‘‘मला ऐकू आलं होतं. मी थांबले पण होते.’’ पाण्यानं भरलेलं तोंड तिनं पुसलं. ‘‘हे कुणाशी बोलू नका काकू. कुणाशीच.’’

‘‘मी कशाला बोलतेय?’’ मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू, दोन दिवसांत अर्ध्या पापाटोएटोला कळलं होतं. भाजीवाल्याला, देवळातल्या बायकांना, शशिकांतला बघायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं. माझ्या छातीत मावत नव्हतं हो! वीस वर्षं या देशात आम्ही मार खातोय आणि ‘थँक्यू, हॅव अ गुड डे’ म्हणतोय. एवढीशी पोर, चाळीस किलोची, आणि तिनं माझ्या नवऱ्यावर हात टाकणाऱ्याला लोळवला. मी सांगायची, बायका तोंडावर हात ठेवायच्या, आणि मला दर वेळी बरं वाटायचं.

सोमवारी ती तळव्याला पट्टी बांधून मुलाखतीला गेली. आधल्या रात्री झोपली नव्हती. शशिकांतनं, कानाला बँडेज असलेल्या त्या माणसानं, स्वतः गाडी चालवत तिला सोडलं. मुलाखत सव्वा तास चालली. शेवटी त्या लोकांनी सांगितलं, आम्हाला तुम्ही पसंत आहात, आता फक्त रेफरन्स. म्हणजे दोन माणसांना ते फोन करणार आणि विचारणार, मुलगी कशी आहे. एक तिचे प्राध्यापक. दुसरी, इथे जिच्याकडे काम केलं ती मालकीण. म्हणजे मी.

‘‘काकू, फक्त विचारतील तेवढंच सांगा,’’ ती मला म्हणाली. ‘‘वेळेवर येते, हिशोब चुकत नाही, गिऱ्हाइकांशी नीट बोलते. बस.’’

‘‘मला शिकवतेस?’’ मी म्हटलं.

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगते. आमच्याकडे चौकशी म्हटलं की एकच, स्थळाची. माझ्या बहिणीच्या लग्नाआधी मुलाकडच्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं, मुलगी कशी आहे? काकू म्हणाल्या, ‘‘छान आहे.’’ एवढंच. झालं! मुलाकडचे म्हणाले, नुसतं छान म्हणतात, म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत. स्थळ मोडलं. त्या काकूंशी माझी आई मरेपर्यंत बोलली नाही. तेव्हापासून मला पक्कं माहीत, चौकशीला आलेल्या माणसासमोर हातचं राखायचं नसतं. मुलीचं जे जे चांगलं ते सगळं ओतायचं.

गुरुवारी सकाळी फोन आला. ‘‘किया ओरा, विनया,’’ म्हणजे इथला माओरी नमस्कार, बाईचा आवाज गोड होता. दहा मिनिटं होतील का? मी म्हटलं, वीस घ्या. शशिकांतला खुणेनं गिऱ्हाइकांकडे पिटाळलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं.

सुरुवातीला सगळं अबोलीनं सांगितलं तसंच सांगितलं. वेळेवर? नेहमी. प्रामाणिक? शंभर टक्के. टायपिंगचा आवाज येत होता, बाई लिहून घेत होती. मला वाटलं, हे फार कोरडं होतंय. हे सगळं कुणाबद्दलही सांगतील. मग तिनं विचारलं, ‘‘अबोली तणावाच्या प्रसंगात कशी वागते? एखादं उदाहरण देऊ शकाल?’’

उदाहरण! अहो, मला हवं होतं तेच.

मी सगळं सांगितलं. हातोडा, कान, धूर. माझं इंग्रजी मोडकं असेल, पण त्या दिवशी धो धो वाहत होतं. मी म्हटलं, तो हातोडेवाला खाली पडला होता, प्लीज प्लीज म्हणत होता, मी धुरातून ओरडले, मार, आणि तिनं लगेच मारलं. खांदा मोडला, बरगड्या मोडल्या, जबडा मोडला. शी इज टायगर. घाबरत नाही. सांगितलं ते करते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हाताला टाके घेऊन दुकान उघडायला हजर!

टायपिंगचा आवाज थांबला होता.

‘‘तो खाली पडल्यावर,’’ बाई हळूच म्हणाली, ‘‘तो थांबा म्हणत असतानाही?’’

‘‘येस, येस!’’ मी म्हटलं.

‘‘नंतर तिला काही मदत मिळाली का? समुपदेशन वगैरे?’’

‘‘कशाला? शी इज स्ट्राँग गर्ल.’’

‘‘थँक यू, विनया. धिस इज व्हेरी हेल्पफुल.’’

व्हेरी हेल्पफुल! मी बाहेर आले आणि शशिकांतला म्हटलं, पक्कं झालं समज. त्या दुपारी मी शिरा केला. शशिकांत खाता खाता एकदम थांबला आणि म्हणाला, ‘‘ते मारल्याचं नाही ना सांगितलंस?’’ मी म्हटलं, ‘‘तुला काय कळतंय त्यातलं?’’ त्यानं बशी खाली ठेवली आणि पुन्हा उचललीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आलं. अनफॉर्च्युनेटली.

कुणी दुसरी असती तर रडून मोकळी झाली असती. ही ऑनर्सवाली. एक मार्क गेला तरी कुठे गेला ते विचारायची तिला सवय लागली होती, आणि या देशात तसा फोन करून विचारलं तर सांगतातही. शनिवारी ऑफिस बंद, रविवारी बंद. सोमवारी नऊ वाजता तिनं फोन केला. साडेनऊला ती दुकानात आली. मी पावाच्या लाद्या लावत होते.

‘‘त्यांनी सांगितलं,’’ ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. ‘‘मॅनेजर माझ्या बाजूचा होता. पण त्या कामात रोज जखमी लोकांशी बोलायचंय, ते फोनवर ओरडतात, शिव्या देतात. रेफरन्सवरून त्यांना काळजी वाटली की माणूस खाली पडल्यावरसुद्धा मी थांबत नाही.’’

मी हातातली लादी खाली ठेवली.

‘‘काय सांगितलंत काकू?’’

‘‘अगं, मी तुझं कौतुकच...’’

तिनं माझे दोन्ही खांदे धरले आणि मला मागे ढकललं. फळीला माझी पाठ आदळली, डबे धडाधड खाली आले, एक टोमॅटोचा डबा माझ्या पायावर पडला. तिनं पुन्हा हलवलं. माझं डोकं फळीच्या कडेला लागलं. तिचे डोळे मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते, आणि त्या पोरानं चिप्सच्या ढिगातून काय पाहिलं असेल, ते मला तेव्हा कळलं. धूर असो की नसो. मी भ्याले. शशिकांत काउंटरमागून ‘‘अबोली, अबोली बाळा’’ म्हणत आला, तरी तिची बोटं सुटत नव्हती.

‘‘मी सांगितलं होतं कुणाशी बोलू नका,’’ ती म्हणाली. ‘‘मी उलटी करत होते काकू. तुमच्यासमोर. मला त्या मुलाचा आवाज अजून ऐकू येतो, आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की मी वाघीण आहे?’’

मला बोलता आलं नाही. मला!

मग तिनं सोडलं. स्वतःच्या हातांकडे बघितलं, ते पाठीमागे नेले. खाली बसून एकेक डबा उचलला आणि फळीवर होता तसा लावला, जुने पुढे, नवे मागे. माझ्या पायावर डबा पडला होता तिथे हात लावून विचारलं, लागलं का. आणि निघून गेली. तिच्या व्हिसाचे वीस दिवस उरले होते.

त्या वीस दिवसांत मी काय काय केलं! त्या ऑफिसात तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, प्लीज पुन्हा करू नका. वेदांतला घेऊन माउंट वेलिंग्टनला गेले, रिसेप्शनवरच्या मुलीसमोर उभं राहून म्हटलं, चूक माझी आहे, मारायला मी सांगितलं, पोरीचा दोष नाही. त्या रिसेप्शनवालीनं माझं नाव लिहून घेतलं आणि सिक्युरिटीवाल्याला बोलावलं. वेदांत गाडीत बसून स्टिअरिंगवर मुठी आपटत होता. ‘‘स्टॉप हेल्पिंग, मम!’’ ओरडला माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा.

अबोलीनं आणखी बावीस अर्ज केले. रेफरन्सला माझं नाव नव्हतं. मग इथला अनुभव दाखवायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

ती गेली त्या दिवशी शशिकांत तिला विमानतळावर सोडून आला. मला तिनं येऊ नका म्हटलं नाही. मीच गेले नाही.

आता ती पुण्यात आहे. तिथल्या एका कंपनीत तिला पहिल्याच फेरीत विचारलं, हा एक वर्षाचा ऑनर्स म्हणजे नक्की काय, आपल्याकडे याला काय धरायचं? हे मला तिनं नाही सांगितलं. तिच्या आईनं सांगितलं, परवा, फोन करून. आधी मला वाटलं, शिव्या द्यायला केलाय. मी खुर्ची ओढून बसले. मनात म्हटलं, द्या, मला हव्या आहेत त्या.

‘‘ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते,’’ ती बाई म्हणाली. ‘‘परक्या देशात तुम्ही लेकीसारखं सांभाळलंत. अबोली सांगते, काकू होत्या म्हणून निभावलं.’’

पोरीनं घरी काही सांगितलंच नव्हतं. हातोडा नाही, दांडा नाही, मी नाही.

‘‘एक विचारू का?’’ बाईचा आवाज बारीक झाला. ‘‘तुम्ही जवळून पाहिलंय म्हणून. एवढे मार्क, एवढी हुशार, मग नेमकं कुठं कमी पडली हो? माझ्यामुळं झालं का? हिचे वडील म्हणत होते तिला इंग्रजी शाळेत घालू. मीच हट्ट केला, मी मराठी शाळेची बाई, माझी मुलगी मराठीतच शिकेल. मला रात्र रात्र झोप येत नाही ताई. इंग्रजीमुळंच गेली ना नोकरी?’’

मी सांगणार होते. देवाशप्पथ, शब्द जिभेवर होते. बाई, तुझ्या पोरीचं इंग्रजी त्यांनी वाचलं, ऐकलं आणि पसंत केलं होतं. तुझी शाळा आड आली नाही, हे माझं तोंड आड आलं. काउंटरवरून शशिकांत माझ्याकडे बघत होता. त्याच्या कानावरची शिवण अजून लाल आहे.

‘‘ताई? आहात ना?’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘हो. इंग्रजीचंच जरा झालं असेल.’’

पलीकडे ती बाई रडायला लागली, आणि मी ते शेवटपर्यंत ऐकत बसले.